स्पीकरमधली गुणगुण आणि कारणाचा शोध



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं ॲम्प्लिफायरशी काय काम? रास्त प्रश्न आहे. मी वर्गात तर्कशास्त्र शिकवलं. त्यातला ‘कारण कसं शोधावं’ हा भाग फळ्यावर फार रुक्ष वाटतो. मुलं जांभया देतात. पण तोच भाग घरातल्या म्युझिक सिस्टीमपुढे उभा केला की एकदम जिवंत होतो. आपण रेकॉर्ड लावतो, गवई अजून ‘सा’ लावायचा आहे, आणि मागून एक ‘हूंऽऽ’ ऐकू येतो. तो तानपुरा नसतो. तानपुरा आपण गवयाच्या सुरात लावतो, हा आवाज वीज कंपनीच्या सुरात लागलेला असतो. (हशा)

या गुणगुणीवर लोक साधारण तीन उपाय करतात. पहिला, महागडी केबल आणतात. दुसरा, ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेतात. तिथे तो मुकाट चालतो आणि दुकानदार म्हणतो, ‘यात काहीच बिघाड नाही.’ तिसरा, कुणी तरी जाणकार सांगतो, ‘प्लगची वरची जाड पिन काढून टाका, आवाज जाईल.’ पहिल्या दोन उपायांत पैसा आणि वेळ जातो. तिसऱ्यात आवाज बहुधा खरंच जातो, पण त्याबरोबर जीवही जाऊ शकतो. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

आधी आवाज ओळखा

वैद्य नाडी बघितल्याशिवाय औषध देत नाही. आपणही आधी नीट ऐकू या. नको असलेले आवाज एका जातीचे नसतात.

पहिला, खोल आणि गुळगुळीत हम. भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची असते, म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो. ही ५० हर्ट्झ संगीताच्या तारेत शिरली की हा आवाज येतो. अमेरिकेतून जे ऐकत आहेत त्यांच्याकडे हाच आकडा ६० आहे.

दुसरा, त्याहून खरबरीत घरघर. हिचा मूळ आकडा बहुधा १०० असतो. ॲम्प्लिफायरच्या आत येणारी वीज एकदिश केली जाते, तेव्हा लाटेचे दोन्ही अर्धे भाग एकाच बाजूला येतात आणि ५० चे १०० होतात. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगतो: १०० हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. ५० हर्ट्झ म्हणजे त्याच्याही खालचं सप्तक. सूर जवळजवळ तोच, त्यामुळे कानाला फसायला होतं. लहान स्पीकरांना ५० हर्ट्झ धड वाजवताही येत नाही, त्यांतून फक्त वरचे आवाज ऐकू येतात. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप असेल तर आकडा पाहून घ्या.

तिसरा, चिरका ‘झर्रर्र’, जो एखादा दिवा किंवा पंखा लावला की सुरू होतो. चौथा, पावसाच्या बारीक सरीसारखा ‘सूंऽऽ’. आणि पाचवा, जो स्पीकरमधून येतच नाही! ॲम्प्लिफायरच्या डब्याला कान लावा. आतला ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणत असेल तर तो यांत्रिक आवाज आहे. चुंबकीकरणाने लोखंडी पत्रे प्रत्येक अर्ध्या लाटेला सूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणून तोही १०० हर्ट्झचाच. त्याला केबल बदलून काडीचाही फरक पडणार नाही.

अन्वय आणि व्यतिरेक

आता पद्धतीकडे येऊ. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या. मराठीतून त्या शिकवताना आम्ही न्यायदर्शनातले शब्द वापरत असू: अन्वय आणि व्यतिरेक. हे असेल तर ते असतं, हा अन्वय. हे नसेल तर ते नसतं, हा व्यतिरेक. मिलचा आग्रह असा, की दोन परिस्थिती घ्या, ज्यांच्यात एकाच गोष्टीचा फरक असेल. एकीत कार्य घडतं, दुसरीत घडत नाही. मग तो एक फरक म्हणजे कारण, किंवा कारणाचा आवश्यक भाग.

यातला ‘एकाच’ हा शब्द अधोरेखित करा. आपण काय करतो? केबल बदलतो, त्याच वेळी ॲम्प्लिफायर दुसऱ्या कपाटात ठेवतो, शिवाय प्लगही दुसऱ्या बोर्डात घालतो. आवाज गेला, तर कशाने गेला? सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात तो परत आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

तेव्हा क्रम असा ठेवा. प्रत्येक वेळी केबल काढण्याआधी ॲम्प्लिफायर बंद करा. चालू स्थितीत केबल ओढली तर ‘धाप्प’ असा धक्का बसतो आणि त्यात स्पीकरही जाऊ शकतो.

पहिली पायरी: ॲम्प्लिफायरला जोडलेलं सगळं काढा. टीव्ही, सीडी प्लेअर, टर्नटेबल, लॅपटॉप, सगळं. फक्त स्पीकर ठेवा आणि चालू करा. आताही घरघर असेल तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे. जुन्या यंत्रांत वीज गाळणारे मोठे कपॅसिटर वाळलेले असतात, त्यांतून ही १०० हर्ट्झची घरघर येते. ते काम कारागिराचं. झाकण आपण उघडायचं नाही, कारण प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो, आणि व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तो शेकडो व्होल्टचा असू शकतो.

दुसरी पायरी: ॲम्प्लिफायर शांत असेल तर तो तूर्त निर्दोष. आता एकेक उपकरण जोडत जा. ज्या क्षणी गुणगुण सुरू होईल तिथे थांबा. ते उपकरण काढा, आवाज गेला का बघा. परत जोडा, आवाज आला का बघा. काढणं हा व्यतिरेक, जोडणं हा अन्वय. दोन्ही झाले की मगच बोला.

तिसरी पायरी: आवाजाचा खटका, म्हणजे व्हॉल्यूम, फिरवा. गुणगुण कमी-जास्त होत असेल तर ती खटक्याच्या आधी शिरते आहे. खटका शून्यावर नेला तरी तेवढीच राहत असेल तर ती खटक्यानंतरच्या भागातून येते आहे. एका हालचालीत अर्धा शोध आटोपतो.

कुणी म्हणेल, सगळं काढून शून्यापासून सुरुवात कशाला? संशयित एकच वस्तू काढून बघावी की! अडचण अशी, की कारणं दोन असू शकतात. एक काढलं तरी दुसरं गुणगुणत राहतं, आणि आपण खऱ्या आरोपीला निर्दोष सोडून देतो. शून्यापासून चढत गेलं की ही फसगत होत नाही.

दोष वस्तूत नाही, संयोगात आहे

आता मुख्य मुद्दा. समजा, ॲम्प्लिफायर एकटा शांत आहे. डेस्कटॉप संगणकसुद्धा हेडफोन लावून ऐकला तर शांत. दोघांना साध्या आरसीए केबलने जोडलं, की ‘हूंऽऽ’. दुकानदार ॲम्प्लिफायर तपासतो, निर्दोष. संगणकवाला संगणक तपासतो, निर्दोष. केबल नवी आहे. मग दोष कुठे आहे?

न्याय-वैशेषिकांनी द्रव्यांबरोबर ‘संयोग’ हाही पदार्थविचारात घेतला, गुण म्हणून. त्याचं मोल अशा वेळी कळतं. इथे दोष कुठल्याही एका वस्तूत नाही. तो त्यांच्या संयोगात आहे. वस्तू सुट्या करून तपासल्या की संयोग नाहीसा होतो आणि दोषही नाहीसा होतो. तपासण्याच्या कृतीनेच पुरावा पुसला जातो.

होतं काय ते बघा. दोन्ही उपकरणांना तीन पिनांचे प्लग आहेत. ॲम्प्लिफायर हॉलच्या या भिंतीवरच्या बोर्डात, संगणक त्या भिंतीवरच्या. दोघांच्या अर्थच्या तारा वेगवेगळ्या वाटांनी घराच्या मुख्य बोर्डापर्यंत जातात. घरातल्या उपकरणांतून थोडा थोडा प्रवाह अर्थच्या तारेत झिरपत असतो, त्यामुळे या दोन ‘अर्थ’मध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतो. आता आरसीए केबलची बाहेरची जाळी दोन्ही उपकरणांच्या धातूच्या अंगांना जोडते. एक वर्तुळ पूर्ण झालं: अर्थची एक तार, केबलची जाळी, अर्थची दुसरी तार. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. फरक आहे, वाट आहे, म्हणून प्रवाह वाहतो. शिवाय हे वर्तुळ जितकं मोठं, तितकं भोवतालच्या विजेच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र त्यात अधिक सापडतं.

आणि ही जाळी नुसतं वेष्टन नाही. आरसीए केबलमध्ये संगीताचा परतीचा रस्ताही तीच आहे. समजा, तिच्यातून १० मिलिॲम्पिअर वाहतात आणि तिचा रोध ०.१ ओहम आहे. गुणाकार करा: १ मिलिव्होल्ट. संगीताचा संकेत अशा केबलमध्ये साधारण ३०० मिलिव्होल्टच्या आसपास. तीनशेत एक! ऐकायला नगण्य वाटतं, पण कानाच्या हिशेबात हे फक्त ५० डेसिबल खाली आहे. रात्रीच्या शांततेत, आलाप सुरू असताना, ते स्पष्ट ऐकू येतं.

तिसऱ्या पिनेबद्दल

वर्तुळ कुठेही तोडलं तरी गुणगुण थांबेल. म्हणूनच कुणी तरी सांगतो, की अर्थची पिन काढा. वर्तुळ तुटतं, आवाज थांबतो, सांगणारा हुशार ठरतो. पण ती पिन तिथे का आहे, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आपल्या प्लगची अर्थची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी, की ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी. उपकरणात कधी फेजची तार सुटून धातूच्या डब्याला टेकली, तर प्रवाह या पिनेवाटे मोठ्या प्रमाणावर जातो आणि एमसीबी पडतो किंवा फ्यूज उडतो. पिन काढली तर काहीच पडत नाही. डबा २३० व्होल्टवर शांतपणे उभा राहतो, कुणीतरी हात लावण्याची वाट पाहत. किंवा तो प्रवाह केबलच्या बारीक जाळीतून दुसऱ्या उपकरणाकडे धावतो आणि ती जाळी तापते. म्हणून स्पष्ट सांगतो: गुणगुण परवडली, अर्थची पिन काढायची नाही.

याचीच उलट बाजूही आपल्याकडे आहे. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे तारच नसते! तिथे ग्राउंड लूप होत नाही, पण उपकरणं अधांतरी राहतात. लक्षण असं, की धातूच्या डब्याला बोट लागलं की झिणझिण्या येतात आणि गुणगुण बदलते. मुद्दाम हात लावून ही परीक्षा घेऊ नका. परवानाधारक वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये तो मीटर लावेल, तिथे साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. हा जुगाड जीवघेणा आहे. न्यूट्रलची तार वाटेत तुटली किंवा फेज-न्यूट्रल उलटे झाले, तर घरातल्या धातूच्या डब्यांवर थेट फेज येते.

मग करायचं काय?

फुकटचा उपाय आधी. संगीताची सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. अर्थच्या वाटा आखूड आणि जवळजवळ झाल्या की त्यांच्यातला फरक घटतो, वर्तुळही लहान होतं. फक्त त्या बोर्डावर इस्त्री लावू नका. केबल्सही विजेच्या तारांना लगडून नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

दुसरा उपाय, विजेचा धातूचा संबंधच ठेवू नका. टीव्ही किंवा संगणकाला ऑप्टिकल आउटपुट आणि ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ती केबल लावा. तिच्यातून प्रकाश जातो, प्रवाह नाही. वर्तुळ तुटलं आणि अर्थ जागेवर राहिला.

तिसरा, ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मिळते. तिच्यात ट्रान्सफॉर्मर असतो, तो संकेत पलीकडे नेतो पण धातूचा संबंध तोडतो. फार स्वस्त डब्यांत खर्ज दुबळा होतो, तेवढं ध्यानात ठेवा.

केबल टीव्हीचं प्रकरण निराळं आहे. सेट-टॉप बॉक्सला साधा दोन पिनांचा ॲडॅप्टर असला तरी केबलवाल्याची जाड तार बाहेरून स्वतःचा अर्थ घेऊन घरात येते. ती तार सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. गुणगुण थांबली, तर आरोपी सापडला. तिच्यासाठी वेगळा आयसोलेटर मिळतो. पण तुमच्याकडे छत्री असेल, म्हणजे डीटीएच, तर तो लावू नका. त्या तारेतूनच छत्रीवरच्या यंत्राला वीज जाते आणि बहुतेक आयसोलेटर ती अडवतात. तिथे ऑप्टिकलचा मार्ग बरा.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी

टर्नटेबल हे सगळ्यांत नाजूक प्रकरण. सुईच्या नेहमीच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो, तो ऐकताना परत उचलावा लागतो. एलपीच्या ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार ५० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सात पट उचलला जातो. गाण्याचा खर्ज उचलायला जावं, तर हमही पालखीत बसतो.

इथे आधी एकच गोष्ट बघा. टर्नटेबलमधून दोन आरसीए केबल्सबरोबर एक बारीक सुटी तार येते, टोकाला चिमट्यासारखा पत्रा असतो. ती ॲम्प्लिफायरच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसवायची असते. पुष्कळ घरांत ती मागे लोंबकळत असते. ती बसवली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

तेवढ्याने भागलं नाही तर मिलची आणखी एक पद्धत वापरा, सहपरिवर्तनाची: एक गोष्ट बदलत नेली की दुसरीही त्याच हिशेबात बदलते का? सुई रेकॉर्डवर न टेकवता दांडी हळूहळू आत न्या. हम वाढत किंवा कमी होत गेला, तर कार्ट्रिज जवळच्या मोटरचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलं असेल तर बाजूला हलवा. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरलाही हीच परीक्षा लावा. त्यांतले काही लाटेचे तुकडे करून वेग कमी करतात आणि त्या तुकड्यांच्या कडांतून ‘झर्रर्र’ पसरतो. पंखा पूर्ण वेगावर नेला किंवा बंद केला आणि आवाज थांबला, तर पुढे तर्क करायला नको.

आणखी एक गंमत सांगतो. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ झालं. त्याआधी गवई भोंग्यात गात असे, मायक्रोफोन नव्हता, ॲम्प्लिफायर नव्हता. तेव्हा त्या काळची मूळ तबकडी लावल्यावर ५० हर्ट्झचा हम ऐकू आला, तर तो तबकडीत असूच शकत नाही. तो तुमच्या घरचा आहे. खरखर मात्र तिची स्वतःची, वयाची.

शेष

सगळं केल्यावर उरतो तो ‘सूंऽऽ’. मिलची एक पद्धत अवशेषाची आहे: ज्ञात कारणांची कार्यं वजा करा, जे उरलं त्याचं कारण उरलेल्यात शोधा. या ‘सूं’चं एक कारण फार खोल आहे. कुठल्याही रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे अविरत चळवळत असतात, आणि त्या चळवळीचाच सूक्ष्म व्होल्टेज तयार होतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सनने तो मोजला, नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं, दोघांचे निबंध १९२८ चे. तापमान आहे तोवर हा आवाज आहे. चांगली यंत्ररचना तो कमी करते, शून्य कुणीच करू शकत नाही. स्पीकरला कान चिकटवल्यावरच तो ऐकू येत असेल, तर तुमची सिस्टीम निरोगी आहे. खुर्चीत बसा आणि गाणं ऐका.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर सिस्टीम लावली की घरघर सुरू होते. लाइट आले की थांबते. बिघाड कुठे?*

तुम्ही प्रश्नातच अन्वय-व्यतिरेक करून दाखवलात. काही इन्व्हर्टर गोलसर लाट न देता चौकोनी लाट देतात, तिच्यात वरच्या कंपनांचा भरणा असतो, आणि ती ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्यातून आत शिरतात. साइन वेव्ह इन्व्हर्टरने हा त्रास बहुतांशी जातो. तोवर वीज गेली की दिवे इन्व्हर्टरवर ठेवा आणि गाणं मोबाइलवर ऐका.

*प्रश्न : मग महागड्या केबलने कधीच फरक पडत नाही का?*

पडतो की. केबलची जाळी तुटलेली असेल, प्लग सैल असेल, तर धड केबलने फरक पडणारच. पण त्यासाठी धड केबल पुरे, महागडी कशाला? पैसे देण्याआधी सांगता आलं पाहिजे, की कुठल्या कारणावर हा उपाय आहे. कारण माहीत नसताना झालेल्या खरेदीला मी नवस म्हणतो. (हशा)

*प्रश्न : लॅपटॉप चार्जरवर असला की गुणगुण येते, बॅटरीवर असला की नाही. चार्जर बदलू?*

लगेच नको. आधी चार्जर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावून बघा. मग आयसोलेटर किंवा ब्लूटूथ. तरीही आवाज राहिला, तर त्याच कंपनीचा दुसरा चार्जर कुणाकडून तरी उसना आणून जोडून बघा. उसना म्हणतो, कारण प्रयोग आधी, खरेदी नंतर. आणि तोही तीन पिनांचा असेल, तर तिसरी पिन तशीच राहू द्या.